चवदार तळ्याचे पाणी आणि पाककृतीची वही

भोरहून महाडला जायचे तर निगुडघर, हिर्डोशी करीत वरंधा घाट उतरावा लागतो. वेल्ह्यातून केळदजवळच्या मढे घाटाची पायवाटही महाडच्याच अंगाला उतरते. त्यामुळे २० मार्च हा दिवस आपल्या भागाला परका नाही. गावोगावचे समाजबांधव जीप, टेम्पो करून महाडला जातात, तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेतात, परमपूज्य बाबासाहेबांना वंदन करतात आणि येताना एखादे पुस्तक किंवा एखादी तसबीर घेऊन येतात. मुलांना आपण सांगतो की, १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन करून शेकडो वर्षांची गुलामी झुगारून दिली. हे खरेच आहे. परंतु त्याच्या पुढचा भाग आपण मुलांना क्वचितच सांगतो.

तो भाग असा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले असल्याचा ठराव केला होता. पण ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तिथेच राहिले. १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली, बाबासाहेबांच्या मागून हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि शांतपणे मंडपाकडे परतले. तेवढ्यात 'हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी आवई कोणीतरी उठवली. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून आला. त्या वेळी आपली काही माणसे जेवायला बसली होती. त्यांच्या पुढचे अन्न मातीत मिळवले, भांडीकुंडी ठेचली, माणसे झोडपली. मग तळे 'शुद्ध' करण्याचा विधी झाला. एकशेआठ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतले. माणसाच्या हाताने बाटलेले पाणी जनावराच्या मलमूत्राने पवित्र झाले!

आपल्या व्याख्यानांतून हा प्रसंग एका वाक्यात येतो. वक्ता पुढे जातो, श्रोतेही पुढे जातात. पुण्याच्या एका आंबेडकरी कलावंत मुलीला मात्र तिथेच थांबावेसे वाटले. तिचे नाव राज्यश्री गुडी. २०१७ साली तिने एक मांडणशिल्प केले. एकशेआठ काचेचे पेले मांडले आणि त्यांत पंचगव्य भरले. या कामाला तिने नाव म्हणून एक प्रश्नच दिला, पाण्याची जात कोणती?

आम्ही पडलो कारकून माणूस. आकडा दिसला की मोजण्याची खोड आहे. एकशेआठ हा शब्द आम्ही आयुष्यभर ऐकला, पण एकशेआठ म्हणजे नेमके किती, हे कधी डोळ्यांपुढे आणले नव्हते. एका घागरीला दोन मिनिटे धरली, तरी साडेतीन तासांहून अधिक वेळ होतो. म्हणजे तो रागाच्या भरात झालेला अविचार नव्हता. शांतपणे, मोजून मापून, पाळीपाळीने केलेले काम होते ते. ही गोष्ट भाषणातून कळत नाही, पेल्यांची रांग पाहिल्यावर कळते. कला कशासाठी, असे जे आपल्यातले लोक विचारतात, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

आता या कलावंताविषयी थोडे. राज्यश्री यांचा जन्म १९९० चा, पुण्याचा. आईच्या बाजूने त्यांना आंबेडकरी वारसा मिळाला. त्या चित्रकलेच्या कॉलेजातून आलेल्या नाहीत, हे आमच्या वाचक पालकांना मुद्दाम सांगायचे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातून २०११ साली त्यांनी समाजशास्त्राची पदवी घेतली. पुढे इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठातून २०१३ साली दृश्य मानवशास्त्र या विषयात एम.ए. केले. माणसे कशी जगतात, काय खातात, कसे सण करतात याचा छायाचित्रे आणि चित्रफितींच्या आधारे अभ्यास करण्याचे हे शास्त्र आहे. २०२१ ते २०२३ या काळात त्या हॉलंडमधील अ‍ॅम्स्टरडॅमच्या रायक्सअकादमीत होत्या. जगभरातून निवडलेल्या कलावंतांना तिथे दोन वर्षे काम करण्यासाठी जागा आणि साधने मिळतात.

चित्रकार म्हटला की आपल्यासमोर रंग आणि कुंचला येतो. राज्यश्रींचे तसे नाही. कधी भाजलेली माती, कधी कागदाचा लगदा, कधी घरातले जुने फोटो, कधी ठसे, कधी आवाज, कधी चित्रफीत, तर कधी नुसते लिहिलेले शब्द. जे सांगायचे त्याला जे साजेल ते साधन त्या घेतात. सुताराकडे एकच हत्यार नसते, तसेच हे. आणि साधन कोणतेही असो, विषय बहुधा दोनच, पाणी आणि अन्न. जातीने माणसाला कुठे गाठले असेल, तर या दोन ठिकाणी. कोणी कुठले पाणी प्यायचे आणि कोणी कोणाचे उरलेले खायचे.

त्यांचे आम्हाला सर्वांत भावलेले काम म्हणजे पाककृतींच्या पुस्तिका. आपल्या लोकांनी लिहिलेल्या आत्मकथनांत जेवणाचे उल्लेख पानोपानी आहेत. दया पवारांचे 'बलुतं', बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी', हिंदीतले ओमप्रकाश वाल्मीकि यांचे 'जूठन'. शेवटच्या पुस्तकाचे तर नावच उष्ट्यावरून पडलेले आहे. दलित आत्मकथनांतले असे अन्नाचे प्रसंग उचलून राज्यश्रींनी त्यांना पाककृतीचा घाट दिला. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत येते ना, 'तुम्ही अमुक घ्या, तमुक घाला', तसाच. लेखकाने 'मी' म्हणून सोसलेले इथे 'तुम्ही' होऊन वाचणाऱ्याच्या अंगावर येते. पुस्तक वाचताना वाचक काठावर बसून हळहळतो. पाककृती वाचताना त्याला चुलीपाशी येऊन बसावे लागते. दारोदार जायचे कोणी? तुम्ही. टोपलीत पडलेले निवडायचे कोणी? तुम्ही. वाळवून फडताळात ठेवायचे आणि पावसात पुरवून पुरवून खायचे कोणी? तुम्हीच.

आपल्या भोर-वेल्ह्यात अशा पाककृती काय थोड्या आहेत? येसकराच्या पाळीला गावभर फिरून आणलेल्या भाकरी, त्यांत एक ज्वारीची, एक नाचणीची, एक शिळी, एक आंबलेली. ते तुकडे वाळवून पुन्हा शिजवायचे. कोंड्याची भाकरी. नाचणीची पातळ आंबील, ज्यात पीठ कमी आणि पाणी जास्त. खाचराच्या बांधावरचे खेकडे. भारंगी, कुर्डू ह्या पावसाळी भाज्या. आणि ज्याचे नाव आज घरात कोणी काढत नाही, त्या चान्या. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या उन्हात वाळवलेल्या पट्ट्या. (भारंगी आणि खेकड्यांचे आता बरे दिवस आले आहेत. राजगड-तोरण्याला येणाऱ्या शहरी मंडळींना हेच 'अस्सल गावरान' म्हणून वाढतात आणि ताटाला चांगले पैसे घेतात. आमच्या आयांनी त्याचे कधी बिल केले नाही.)

मराठवाड्याच्या बाजूने शाहू पाटोळे यांनी हेच काम पुस्तकरूपाने केलेले आहे. त्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. दलितांच्या चुलीवर काय शिजत होते याची त्यात नोंद आहे. ते इंग्रजीतही गेले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी विहाराच्या वाचनालयासाठी मराठी प्रत अवश्य घ्यावी.

आम्ही हा विषय एका विहारातल्या बैठकीत काढला, तेव्हा एक सेवानिवृत्त गुरुजी उठून उभे राहिले. त्यांचे वय ऐंशीच्या घरातले, चळवळीत हयात गेलेली. ते म्हणाले, "महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेले मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले. आमच्या बापजाद्यांनी ते सोडले, उपाशी राहिले पण सोडले. आता ते उकरून चारचौघांत मांडता कशाला? आमच्या सुनांना, नातवंडांना लाज आणायला?" सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही.

गुरुजींचे म्हणणे आम्ही हलके मानत नाही. ते सोडताना काय सोसावे लागले हे त्यांनी पाहिले आहे. गावकीचे काम बंद म्हणजे भाकरी बंद, हे ठाऊक असून माणसांनी तो निर्णय घेतला. परंतु सोडणे वेगळे आणि दडवणे वेगळे. खुद्द बाबासाहेबांनी १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण होते' या विषयावर ग्रंथ लिहिला, त्यात अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना गोमांसाचा प्रश्नच मध्यभागी ठेवला. जे आपल्याला हिणवण्यासाठी वापरले जात होते, तेच त्यांनी अभ्यासाच्या टेबलावर ठेवले आणि व्यवस्थेलाच जाब विचारला. ज्याची लाज वाटायची ती खाणाऱ्याला नव्हे, खायला लावणाऱ्याला. पिढ्यान्‌पिढ्या आपण ती लाज आपल्याच घरात सांभाळून ठेवली, एवढेच.

शिवाय राज्यश्री केवळ उपासमार मांडत नाहीत. तसे असते तर आम्हीही गुरुजींच्या बाजूने बसलो असतो, कारण आपल्या दुःखाचे प्रदर्शन पाहून उसासे टाकणाऱ्यांची या देशात वाण नाही. पुस्तिकांच्या जोडीने त्यांनी आपल्या घरच्या अल्बममधले फोटो मांडले आहेत. जेवणाभोवती जमलेली, सणसमारंभ साजरे करणारी, चांगले कपडे घातलेली, हसणारी माणसे. वाढणारी आणि वाढून घेणारी दोन्ही आपलीच. या मालिकेच्या इंग्रजी नावाचा अर्थच 'आनंदाने खा' असा आहे. हे फोटो आपल्या कोणत्याही घरात सापडतील असे आहेत, आणि तोच त्यांचा मोठेपणा. कचेरीत पावती नसेल तर खर्च धरत नाहीत. पोटभर जेवलो, पाहुण्याला जेवू घातले, बाळाच्या नामकरणाला अख्खी वस्ती बोलावली, या सगळ्याची पावती म्हणजे तो फोटो. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून जे सोडले त्याच्या जागी काय आले, हे त्यात दिसते.

दूर क्यूबा देशातही असे घडले आहे. मारिया मॅग्दालेना काम्पोस-पोन्स या १९५९ साली जन्मलेल्या कलावंत. आफ्रिकेतून उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या त्या वंशज, वाढल्याही त्याच ऊसपट्ट्यात, मातान्सास प्रांतात. पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. त्याही एका साधनावर थांबत नाहीत. छायाचित्र, काच, कापड, चित्रफीत, प्रत्यक्ष सादरीकरण, सगळे वापरतात. १९९८ सालच्या त्यांच्या एका मांडणीत इस्त्री करण्याचे उभे पाट आहेत, त्यांवर घरातल्या बायकांचे फोटो उमटवले आहेत आणि खाली काचेत ओतलेल्या इस्त्र्या आहेत. परक्यांचे कपडे धुऊन, इस्त्री करून ज्यांनी संसार चालवला त्या आयाबायांना त्यांनी असे उभे केले. २०२३ साली त्यांना अमेरिकेतला मानाचा मॅकआर्थर पुरस्कार मिळाला. पुण्यामुंबईत घरकामाला जाणाऱ्या आमच्या भगिनींना काचेची इस्त्री म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

आता मनुस्मृतीविषयी. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला आणि बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृतीचे दहन झाले. आजही आपण त्या दिवशी प्रतीकात्मक दहन करतो. राज्यश्रींनी दुसरी वाट काढली. त्या मनुस्मृतीच्या प्रती फाडून, भिजवून त्यांचा लगदा करतात आणि त्या लगद्यातून कलावस्तू घडवतात. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका रद्दी भिजत घालीत, मेथ्या वाटून त्यात मिसळीत आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या करीत. धान्य, पापड, सांडगे ठेवायला त्या वर्षानुवर्षे टिकत. म्हणजे कृती घरचीच आहे, फक्त रद्दी कोणती घ्यायची ते या मुलीने नीट निवडले. जाळले की राख उडून जाते. लगदा हातात राहतो, आणि ज्या ग्रंथाने बाईला आणि शूद्राला अक्षर नाकारले त्याचीच अक्षरे विरघळलेली त्यात असतात. दहनाचे महत्त्व याने कमी होत नाही. पण विहारातल्या मुलामुलींना २५ डिसेंबरला असा लगदा करायला बसवले तर तो दिवस त्यांच्या अधिक लक्षात राहील, असे आमचे मत आहे.

राज्यश्री एकट्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधलेला अस्पृश्य कितीतरी आधी आपल्या चित्रांत आणि मुद्राचित्रांत आणला. कोल्हापूरकडचे प्रभाकर कांबळे मातीची मडकी एकावर एक रचून 'उतरंड' करतात. सर्वांत खालच्या मडक्यावर सगळ्यांचा भार, जातीची रचना दाखवायला याहून सोपे काय हवे? २०२२ साली ही उतरंड जर्मनीत बर्लिनच्या मोठ्या द्वैवार्षिक प्रदर्शनात होती. मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे कॅमेऱ्यात पकडणारे सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. यांतले प्रत्येक नाव स्वतंत्र लेखाचे आहे, सवडीने लिहू.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती आपुलकीने करीत आहोत. राज्यश्रींच्या पुस्तिका इंग्रजीत आहेत. मूळ आत्मकथने बव्हंशी मराठीत लिहिली गेली, त्यांचे इंग्रजी झाले, त्यावरून पाककृती झाल्या आणि त्या दालनांतून मांडल्या गेल्या. ज्या बाईच्या चुलीवर ते शिजले, तिच्या नातीला त्या वाचायच्या तर शब्दकोश घ्यावा लागेल. कलादालनाच्या काचेच्या दारातून आत जायला आपल्या माणसाला अजूनही संकोच वाटतो, कोणी अडवत नसले तरी. हा दोष एकट्या कलावंताचा नाही. आपण आपल्या विहारांत, जयंतीच्या मंडपांत अशा कामाला जागा किती देतो? डीजेवर जो खर्च होतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात एकशेआठ पेले येतील. आणि मुलगा चित्र काढतो म्हटले की 'पोट भरेल का' हा पहिला प्रश्न आपणच विचारतो. निदान शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना तरी त्यांना बसवा, दहावीला त्याचे गुणही मिळतात.

वर सांगितलेल्या बैठकीचा शेवट गुरुजींनीच केला. उठताना ते म्हणाले, "लिहायचेच असेल तर नीट लिहा, चुकीचे लिहू नका. चान्या मीठ लावून वाळवायच्या, पण मीठ असेल तेव्हा." ही पहिली नोंद. तेव्हापासून विहारात शंभर पानी वही ठेवलेली आहे. रविवारी वंदना झाली की ज्येष्ठ भगिनी सांगतात आणि नववी-दहावीच्या मुली लिहून घेतात. मापे ग्रॅममध्ये करायची नाहीत असे ठरले आहे. मूठ, ओंजळ, चिपटे, जसे सांगतील तसे. एका आजींनी नाचणीच्या आंबिलीची कृती सांगायला घेतली. मुलीने विचारले, "आजी, आधी काय घ्यायचे?" आजी म्हणाल्या, "आधी पाणवठ्यावर जाऊन लांब उभं राहायचं. कुणी वरून ओतलं तर पुढचं." मुलीने ते तसेच पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे.

वहीबरोबर जुने फोटोही जमवत आहोत. आपल्या भागातला पाऊस फोटोंचा वैरी. ट्रंकेत एकमेकांना चिकटलेले फोटो जोराने ओढू नयेत, मुलांकडून मोबाईलवर आहे तसे आधी टिपून घ्यावेत. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, गाव आणि साल लिहावे, बॉलपेनने लिहू नये, पुढच्या बाजूला वळ उठतो. मूळ फोटो कोणाकडून ठेवून घेतले जात नाहीत, पाहून लगेच परत दिले जातात. भोरकडच्या वस्त्यांतून बऱ्यापैकी प्रतिसाद आहे. वेल्ह्याच्या वाड्यांतून अजून कोणी आलेले नाही. पावसाळ्यात वाट अवघड होते हे आम्ही जाणतो, म्हणून आषाढी पौर्णिमेच्या आत कोणी ज्येष्ठ भगिनी सांगायला तयार असतील तर निरोप धाडावा. वही आणि लिहिणाऱ्या मुली घेऊन आम्हीच तिकडे येऊ.